जुनाट वेदना आणि व्यवसायोपचार : बुलढाणा जिल्ह्यातील शेतकामाच्या संदर्भात एक विवेचन

बुलढाणा जिल्ह्यातील शेती मुख्यतः कापूस व सोयाबीन या पिकांची आहे. निंदण उकिडवे बसून करावयाचे, सोयाबीनची सोंगणी कमरेत वाकून, आणि वेचणी कमरेस बांधलेल्या ओटीचे वाढते ओझे सांभाळीत. यांपैकी बरेचसे श्रम स्त्रियांच्या वाट्यास येतात व त्यांच्या जोडीला पाणी, सरपण आणि चूल असतेच. अशा शरीरात कंबर, गुडघे वा खांदे दुखू लागले म्हणजे ते दुखणे ‘कामाचे दुखणे’ म्हणून अंगावर काढले जाते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडे, सांधे वा स्नायू यांच्या दुखण्याची तक्रार असल्याचे आढळले. अंगमेहनतीवर जगणाऱ्या ग्रामीण समाजात हा प्रश्न किती व्यापक आहे, याची त्यावरून कल्पना येईल.

वेदना ही इजेचे बिनचूक माप नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली असे प्रतिपादन केले की, शरीराकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांचे पृष्ठरज्जूमध्ये नियमन होते. जणू तेथे एक द्वार असून ते कमीअधिक उघडते. पुढील संशोधनाने त्यांच्या उपपत्तीत पुष्कळ फेरफार केले. तथापि तिचा गाभा टिकून राहिला. मूळ इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते, आणि अपुरी झोप, चिंता व भीती यांनी वेदना अधिक तीव्र होते. म्हणून वेदना खरी असते. परंतु प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा, असे मात्र नसते.

अशा रुग्णास ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे सोपे आहे. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत विश्रांती म्हणजे बुडालेला रोज होय. परिणामी, ती एकतर सल्ला बाजूस सारते, अथवा काम सोडते. आणि काम सोडल्याने स्नायू दुर्बल होऊन वेदना व दारिद्र्य दोन्ही वाढतात. या पेचातून वाट काढणे हेच व्यवसायोपचाराचे प्रयोजन आहे.

येथे ‘व्यवसाय’ शब्दाचा अर्थ केवळ उपजीविका असा नाही. स्नान, स्वयंपाक, शेतकाम, देवदर्शन, निद्रा अशी मनुष्याचा दिवस व्यापणारी सर्व कर्मे त्यात येतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ ‘कोठे दुखते?’ याबरोबरच ‘दुखण्यामुळे काय करणे सुटले?’ असेही विचारतो. एखादीस वेचणीचा हंगाम पार पाडावयाचा असेल, तर एखाद्यास शेगावास पायी जावयाचे असेल. त्या ध्येयावरूनच उपचाराची आखणी होते. अमेरिकेत जन्मलेल्या श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे विद्यालय स्थापिले. आशियातील ते पहिले मानले जाते. विदर्भात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते.

या उपचाराचे प्रमुख तत्त्व कामाच्या लयीचे आहे. बरे वाटेल त्या दिवशी शक्तीबाहेर राबावयाचे व पुढील दोन दिवस अंथरुणास खिळावयाचे, हे चक्र जुनाट वेदनेत नेहमी दिसते. ते मोडण्यासाठी वेदनेची वाट न पाहता वेळेवरून थांबावे लागते. चाळीस मिनिटांनी कंबर भरून येत असेल, तर तिसाव्या मिनिटास उभे राहून पाठ ताणावी, चार पावले चालावे आणि मग पुन्हा कामास लागावे. हा अवधी पुढे हळूहळू वाढविता येतो.

परंतु वेचणीची मजुरी वजनावर मिळते. थांबलेले प्रत्येक मिनिट पैशात मोजले जाते. म्हणून उपदेश पुरेसा नाही, कामाची मांडणीच बदलावी लागते. ओटी अर्धी भरताच रिकामी करावी, किंवा तिचा भार दोन्ही खांद्यांवर येईल अशी झोळी शिवून घ्यावी. निंदणासाठी लांब दांड्याचे अवजार अथवा ठेंगणे बसकण वापरावे. घरी चूल ओट्यावर घ्यावी. पाणी दोन लहान भांड्यांतून आणावे. आणि टोळीतील स्त्रियांनी वाकण्याची व उभ्याची कामे आळीपाळीने वाटून घ्यावी. नियमित झोप, रोजचे चालणे व घरच्या माणसांना दुखण्याचे स्वरूप समजावून सांगणे, ही जीवनक्रमातील अंगेही तितकीच महत्त्वाची आहेत.

कंबरदुखीसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत. शिक्षण व व्यायाम यांची त्यांत शिफारस असून, कमरेचे पट्टे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये, असे म्हटले आहे. मात्र वेदनेबरोबर ताप, वजनात घट, पायातील बळ जाणे अथवा मूत्रावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी अवश्य आहे.

बुलढाणा येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालयाच्या खोलीत शिकविलेली रीत बांधावर टिकते की नाही, यावरच या उपचाराचे यश अवलंबून आहे. म्हणून तज्ज्ञाने एकदा तरी वेचणीच्या शेतात उभे राहिले पाहिजे, आणि मजुरीचा हिशोबही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. वेदना पूर्णपणे गेली नाही, तरी तिच्यामुळे हातचे काम, घरातील स्थान आणि स्वतःवरील विश्वास गमवावा लागू नये, एवढे या शास्त्रास साधता येते. आणि कष्टकरी माणसाच्या दृष्टीने ते थोडे नाही.