मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ती?

क्रूझर मोटारसायकलचा सायलेन्सर बदलला की आवाज वाढतो. पण शक्ती वाढते का? १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. मोकळा एअर फिल्टर व सायलेन्सर बसवून तुम्ही हवेची वाट रुंद केलीत, पण कार्बोरेटरचा जेट तोच ठेवलात, तर पेट्रोल कमी पडते. इंजिन अडखळते, तापते. म्हणून तिन्हींचा मेळ घालावा लागतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत जेटऐवजी संगणकातील इंधनाचे प्रमाण बदलतात. शिवाय शहरात थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो. तेव्हा हवेला खरा अडसर त्याचाच! आणि एक्झॉस्टमधील उत्प्रेरक काढलात, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. सुटे भाग निवडण्यापूर्वी एवढा हिशेब अवश्य करा.