रोहिणीचा बंधारा आणि बागलाणचे फड

विद्यापीठांतील संशोधनाचा व्याप आज इतका वाढला आहे की, एका शाखेच्या अभ्यासकास शेजारच्या शाखेत काय चालले आहे याची वार्ताही नसते. निसर्गविज्ञानाचा अभ्यासक सामाजिक शास्त्रांना केवळ मतांचा बाजार समजतो. सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक निसर्गविज्ञानास माणसाच्या सुखदुःखाशी संबंध नसलेले शास्त्र समजतो. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांच्या मनावरही या समजुतीची छाया आहे. ज्याला गुण अधिक त्याने विज्ञानाकडे जावे आणि उरलेल्यांनी इतिहास, समाजशास्त्र, पाली यांकडे वळावे, असा क्रम घरोघरी ठरून गेला आहे. हा क्रम योग्य आहे काय, आणि ज्ञानशाखांच्या वैविध्याकडे बौद्ध दृष्टीने कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चर्चा हवेत राहू नये म्हणून आम्ही आपल्याच परिसरातील एक वस्तू उदाहरणादाखल घेतो. ती म्हणजे बागलाणातील फड.

बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सटाणा आरम नदीच्या काठी वसले आहे. याच तालुक्यातून मोसम नदी वाहते, आणि दोन्ही नद्या पुढे गिरणेस मिळतात. या नद्यांवर, तसेच धुळे जिल्ह्यातील पांझरेवर, काही शतकांपासून फड पद्धतीने शेती भिजविली जात आली आहे. नदीत आडवा बंधारा घालावयाचा, त्यातून कालवा काढावयाचा, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग न्यावयाचे, अशी तिची रचना आहे. भिजणाऱ्या क्षेत्राचे साधारणतः चार भाग पाडलेले असतात. त्या प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडात एकच पीक घ्यावयाचे. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता पडीक, हे गावाने मिळून ठरवावयाचे, हा तिचा मुख्य नियम. शेतोशेती पाणी देण्याचे काम पाटकरी करतो, राखणीचे काम जागल्या करतो. विहिरी, विजेचे पंप आणि नदीच्या वरच्या अंगास झालेली धरणे यांमुळे ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आली आहे. तथापि अभ्यासाचा विषय म्हणून तिचे मोल कमी झालेले नाही.

आता या एका फडाकडे निरनिराळी शास्त्रे कशी पाहतात ते पाहू.

भूवैज्ञानिक प्रथम खडक पाहील. बागलाणची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झालेल्या दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरण्यास जागा फार थोडी. ते साठते भेगांत, सच्छिद्र थरांत आणि झिजलेल्या वरच्या भागात. म्हणून येथे विहिरीच्या पाण्यास मर्यादा आहे आणि वाहत्या नदीच्या पाण्याचे महत्त्व मोठे आहे. याच तालुक्यातील साल्हेर किल्ल्याचे नाव भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या थरांपैकी एका गटास दिलेले आहे. इतिहासकारास तेच साल्हेर १६७२ च्या लढाईसाठी महत्त्वाचे वाटते, आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे मराठाकालीन किल्ले गेले त्यांत ते आहे. डोंगर एकच, परंतु त्यास विचारलेले प्रश्न दोन.

कृषिवैज्ञानिक फडाचा नियम तपासेल. एका फडात एकच पीक असल्यास सर्व शेतांस पाणी एकाच वेळी लागते, आणि पाटाचे थोडे पाणीही वाया न जाता पुरते. पिकांची फेरपालट झाल्याने आणि काही भाग पडीक राहिल्याने जमिनीचा कस टिकतो. ती पाणथळ व खारवट होण्याचा धोकाही कमी होतो. अर्थशास्त्रज्ञ विचारील की, ज्या शेतकऱ्याने स्वतःची विहीर खोदली, पंप बसविला आणि बाजार पाहून कांदा वा डाळिंब लावले, त्याने गावाचा नियम का पाळावा? इतिहासाचा अभ्यासक १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमधील नोंदी काढील, आणि १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यानंतर गावाच्या पाण्यावर सरकारची सत्ता कशी वाढत गेली याचा मागोवा घेईल.

यांपैकी कोणाचेही उत्तर खोटे नाही, आणि कोणाचेही पुरेसे नाही. पटिच्चसमुप्पादाचा अभ्यास करणाऱ्यास यात नवल वाटू नये. अभिधम्माच्या पट्ठान या ग्रंथात चोवीस पच्चय, म्हणजे प्रत्यय, सांगितले आहेत. एका कारणापासून एक कार्य असा सरळ हिशोब जगात आढळत नाही. अनेक प्रत्यय एकत्र येतात तेव्हा एक घटना घडते, हेच त्या विस्तृत विवेचनाचे सार आहे. फड मोडला तो केवळ पंपामुळे नव्हे, केवळ धरणामुळे नव्हे, केवळ बाजारामुळे नव्हे. उदानातील जन्मांधांची आणि हत्तीची कथा आपणा सर्वांस परिचित आहे. ज्याने हत्तीचा कान चाचपला त्याचा अनुभव खोटा नव्हता. 'हत्ती एवढाच आहे' हा त्याचा आग्रह खोटा होता. शास्त्राशास्त्रांतील भांडणेही बहुधा अशाच आग्रहातून उद्भवतात.

येथवरचे विवेचन मान्य करूनही एक प्रश्न उरतो. या सर्व शास्त्रांनी फडाचे वर्णन केले तरी त्यात फडाबाहेरचा माणूस दिसत नाही. पिकांचा निर्णय गावाने मिळून घ्यावयाचा असे आपण वर म्हटले. ते 'गाव' म्हणजे कोण? भिजत्या जमिनीचा मालक त्यात आला. त्या जमिनीत निंदणी-खुरपणी करणारी भूमिहीन स्त्री आली काय? पाटकऱ्यास व जागल्यास मोबदला रोखीने मिळे की धान्याने, आणि तो हक्क होता की मेहेरबानी? महारांची वतनी जमीन पाटाखाली होती की पाटाबाहेर? १८७४ च्या वतन कायद्याच्या जोखडात गावकीची कामे करणाऱ्या महार समाजाची स्थिती पालटण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले, हे ज्याला ठाऊक आहे त्यास हे प्रश्न सुचल्यावाचून राहणार नाहीत.

हे प्रश्न सामाजिक शास्त्रांचे आहेत, आणि त्यांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. चवदार तळ्याचे उदाहरण घ्या. ते पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे रसायनशास्त्र सांगू शकते. परंतु २० मार्च १९२७ रोजी माणसांनी ते ओंजळीत घेतल्यावर ते 'बाटले' असे दुसऱ्या माणसांना का वाटले, हे कोणत्याही रासायनिक परीक्षेने कळणार नाही. उलट, पाणी बाटत नाही हे ठामपणे सांगण्यास रसायनशास्त्राचाच आधार घ्यावा लागतो. दोन्ही शास्त्रांची अशी परस्परांस गरज आहे.

या संदर्भात पाली वाङ्मयातील एका प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. धम्मपद अट्ठकथेत सुखवग्गाच्या आरंभी शाक्य व कोलिय यांच्या कलहाची कथा आहे. दोघांच्या नगरांमधून रोहिणी नदी वाहत होती. तिला एकच बंधारा घालून दोघेही शेती पिकवीत. ज्येष्ठात पिके सुकू लागली आणि पाणी आधी कोणी घ्यावे यावरून दोन्हीकडच्या कामकऱ्यांत वाद पेटला. शब्दाला शब्द वाढून तो एकमेकांच्या कुळापर्यंत गेला आणि अखेर राजकुळे शस्त्रे घेऊन निघाली. भगवान बुद्ध तेथे गेले आणि त्यांनी विचारले की, हा कलह कशाचा? राजांना ते सांगता येईना. उपराजास विचारले, सेनापतीस विचारले. त्यांनाही ठाऊक नव्हते. विचारता विचारता प्रश्न दास व कामकरी यांच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा कळले की कलह पाण्याचा आहे. मग पाण्याचे मोल अधिक की माणसांचे, हा प्रश्न भगवंतांनी राजांपुढे ठेवला.

या कथेतील उपदेश आपण नेहमी सांगतो. तिच्यातील शोधाची रीत मात्र दुर्लक्षित राहते. जे युद्धास सज्ज झाले होते त्यांना युद्धाचे कारण माहीत नव्हते. जे बंधाऱ्यावर राबत होते त्यांना ते माहीत होते. शेवटच्या माणसास विचारल्यावाचून शोध पुरा झाला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून चार दृश्यांची कथा बाजूस ठेवली आणि याच रोहिणीच्या पाण्याचा कलह पुढे आणला, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. दुःखाचे मूळ शोधताना त्यांची दृष्टी नदी, शेती आणि सत्ता यांच्या संबंधाकडे गेली.

त्यांची स्वतःची संशोधनपद्धतीही कोणत्या एका शाखेत मावणारी नव्हती. १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतांवर लिहिताना त्यांनी अर्थशास्त्राची कसोटी लावली आणि शेत किती एकरांचे आहे एवढ्यावरून त्याची योग्यता ठरत नाही, त्यावर लागणारे भांडवल व श्रम यांचे प्रमाण पाहावे लागते, असे दाखविले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी स्मृतिग्रंथ आणि चिनी प्रवाशांची वर्णने तपासलीच. शिवाय मानवमितीची, म्हणजे शरीराच्या मोजमापांची, आकडेवारी घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हे मत खोडून काढले. निसर्गविज्ञानाचे साधन आणि सामाजिक शास्त्राचा प्रश्न त्यांनी एकाच युक्तिवादात वापरला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, ज्ञानशाखांची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड मानणे धम्माच्या दृष्टीस धरून नाही. जन्मावरून माणसांची उतरंड नाकारणाऱ्यांनी विषयांची उतरंड घरात पोसावी हे विसंगत आहे. भूविज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलीने बेसाल्टचे थर अचूक मोजावेत. समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलाने पाटकऱ्याच्या घरी बसून त्याची हकीकत लिहून घ्यावी. पाली शिकणाऱ्याने रोहिणीची कथा मुळातून वाचावी. प्रत्येकाने आपल्या शास्त्राचे नियम काटेकोरपणे पाळावेत, कारण समाजाविषयीच्या कळकळीने चुकीचे मोजमाप बरोबर ठरत नाही. आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या शास्त्रास आपला प्रश्न विचारावा. विहारांतून चालणाऱ्या अभ्यासवर्गांत निरनिराळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून आपल्या गावातील एखादा पाट, एखादी विहीर वा एखादे वतन अभ्यासास घेतल्यास या कामास सुरुवात होऊ शकेल. फडांचे म्हातारे जाणकार अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याचे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.