चालता कोड चालता ठेवण्यासाठी

वर्डप्रेससाठी लिहिलेलं एक छोटं प्लगइन मी गेली काही वर्षं सांभाळतो आहे. लेखाच्या शेवटी त्याच विषयावरचे जुने लेख दाखवायचे, एवढंच त्याचं काम. नवी सोय त्यात क्वचितच येते. तरी त्याचा कोड दर वर्षी उघडावा लागतो, कारण खालची पीएचपी, तिच्यावरचं वर्डप्रेस आणि ब्राउझरमधली जेक्वेरी या तिन्ही गोष्टी आपापल्या गतीनं बदलत असतात.

वर्डप्रेसच्या मूळ कोडला हात न लावता त्यात भर घालता येते ती ‘हुक’मुळे. लेखाचा मजकूर पडद्यावर जाण्याआधी वर्डप्रेस तो एका ठरलेल्या टप्प्यावर प्लगइनांच्या हाती देतं. माझं प्लगइन तिथं आपली यादी जोडतं. हे हुक सहसा मोडत नाहीत. जुनी फंक्शनंही वर्डप्रेस वर्षानुवर्षं टिकवून ठेवतं. अडचणी येतात त्या आजूबाजूनं.

विजेट नोंदवण्यासाठी एके काळी जवळपास प्रत्येक प्लगइनमध्ये ‘क्रिएट फंक्शन’ वापरून लिहिलेली एक ओळ असे. २०१७च्या पीएचपी ७.२मध्ये ते डेप्रिकेटेड ठरलं, म्हणजे चालत राहिलं, पण लॉगमध्ये सूचना पडू लागली. २०२०च्या पीएचपी ८.०मध्ये ते काढूनच टाकलं. ज्यांनी मधली तीन वर्षं सूचना वाचली नाही, त्यांच्या प्लगइनमुळे अख्खी साइट बंद पडू शकत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर्डप्रेस ५.५नं जुन्या जेक्वेरीला सांभाळून घेणारी ‘मायग्रेट’ फाइल काढली. अशा वेळी सेटिंगच्या पानावर बटण दिसतं, पण दाबल्यावर काहीच होत नाही. पीएचपीचा लॉग स्वच्छ असतो; एरर सापडते ती ब्राउझरच्या कन्सोलमध्ये.

मराठीशी थेट संबंध आला तो वर्डप्रेसच्या नोव्हेंबर २०२४मधल्या ६.७ आवृत्तीत. भाषांतरित शब्द ‘इनिट’ या टप्प्याच्या आधी मागितले, तर ही आवृत्ती डीबग लॉगमध्ये तक्रार नोंदवते. सेटिंगांची मराठी नावं प्लगइन सुरू होतानाच तयार करण्याची पद्धत त्यामुळे सोडावी लागली. ती आता पान उघडताना तयार होतात.

नव्या आवृत्तीची बीटा आली की माझं काम सुरू होतं. संगणकावर कोरी साइट उभारायची, डीबग चालू करायचं, बदलांची अधिकृत टिपणं वाचायची. मग प्लगइन बसवायचं, प्रत्येक पान उघडायचं, प्रत्येक सेटिंग जतन करायचं, प्लगइन बंद करून पुन्हा चालू करायचं, शेवटी काढून टाकायचं आणि मागं काही उरलं का ते पाहायचं. हेच सगळं जुन्या पीएचपीवर पुन्हा. दुरुस्ती नव्या आवृत्तीवर चालून भागत नाही. होस्टिंग न बदललेल्या जुन्या साइटवरही ती चालली पाहिजे. ‘क्रिएट फंक्शन’च्या जागी घातलेलं निनावी फंक्शन पीएचपी ५.३पासून चालतं, म्हणून तो बदल निर्धोक होता. सगळेच बदल इतके सरळ नसतात.

वर्डप्रेस ५.५पासून प्लगइनं आपोआप अपडेट करण्याची सोयही आली. मी आवृत्तीचा आकडा बदलून कोड चढवला की तो अशा साइटवर पोचतो, जिथं त्या घडीला कुणाचंही लक्ष नसतं. म्हणून घाई करायची नाही, हा माझा नियम आहे.

प्लगइनच्या रीडमी फाइलमध्ये ‘टेस्टेड अप टू’ अशी एक ओळ असते: कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं, ते सांगणारी. शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल, तर प्लगइनच्या पानावर तशी सूचना झळकते. ती घालवायला नुसता आकडा बदलला तरी चालतो. कोणी अडवत नाही. पण अनोळखी माणसं या आकड्यावर विसंबून आपली साइट माझ्या हाती देतात. न तपासता तो बदलणं म्हणजे खोटी ग्वाही देणं, असं मी मानतो.

तुमची स्वतःची साइट असेल तर एवढं करा. मोठं अपडेट आधी साइटच्या प्रतीवर घालून पाहा. काही मोडलं तर ‘चालत नाही’ एवढंच न कळवता वर्डप्रेसची आवृत्ती, पीएचपीची आवृत्ती आणि लॉगमधल्या ओळी पाठवा. प्लगइन फुकट मिळालं असलं, तरी ते चालू ठेवायला कुणाचा तरी वेळ लागतो. नेमकी तक्रार केलीत, तर त्यातला बराच वाचतो.