लाँचच्या डॅशबोर्डाला रंग कोणता द्यावा?

इयत्ता ४ थी

आपल्या भोर-वेल्हे भागात डोंगर पुष्कळ आणि धरणेही पुष्कळ. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत ही सगळी आपल्याच बाजूची. भाटघर धरण वेळवंडी नदीवर आहे. त्याच्या जलाशयाला शिवाजी महाराजांचे शूर सरदार येसाजी कंक यांचे नाव दिले आहे. माझे मामा धरणाच्या पाण्यात लाँच चालवतात. या उन्हाळ्यात त्यांनी लाँचच्या डॅशबोर्डाला नवीन रंग दिला. मी मदतीला होतो. त्याची माहिती मी लिहीत आहे.

डॅशबोर्ड म्हणजे काय? चालवणाऱ्याच्या पुढे, काचेच्या खाली जी फळी असते ती. तिच्यावर इंजिन किती तापले, ऑइलचा दाब किती आहे, हे दाखवणारे काटे असतात. पूर्वी घोडागाडीच्या पुढे एक फळी लावत. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल माणसांच्या अंगावर येऊ नये म्हणून. तिलाच इंग्रजीत डॅशबोर्ड म्हणत. घोडे गेले, पण नाव राहिले.

मामांच्या लाँचचा जुना डॅशबोर्ड पांढरा आणि चकचकीत होता. दिसायला लई छान. पण त्याचा एक धोका होता. ऊन फळीवर पडायचे, तिथून काचेवर जायचे आणि काचेवरून मामांच्या डोळ्यांत यायचे. काचेत पुढचे पाणी दिसायच्या ऐवजी फळीच दिसायची. एकदा सकाळी मासे धरणाऱ्यांची छोटी होडी मामांना अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही. तेव्हापासून मामी रोज म्हणायच्या, "आधी ती फळी बदला, मग लाँच काढा."

उन्हाळ्यात तर जास्तच जपावे लागते. पाणी खाली जाते आणि बुडालेली झाडांची खोडे, जुन्या बांधांचे दगड वर येतात. कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळसुद्धा भाटघरच्या पाण्यात असते आणि उन्हाळ्यात पाणी आटले की दिसते. मामा म्हणाले, "काचेत फळीच दिसाय लागली, तर पुढचं खोड कोण बघणार?"

आता रंग कसा निवडला ते सांगतो. मामांनी डब्यांची तीन झाकणे घेतली. एकाला पांढरा, एकाला गडद राखाडी आणि एकाला काळा रंग दिला. ती दुपारी उन्हात ठेवली. पांढरे झाकण कमी तापले. काळ्यावर बोट ठेववेना. राखाडी मधल्यासारखे होते. मग एकेक झाकण काचेखाली ठेवून पाहिले. पांढरे काचेत स्पष्ट दिसले. काळे जवळजवळ दिसलेच नाही. राखाडी थोडेसेच दिसले. म्हणून मामांनी गडद राखाडी निवडला. लाल रंग मला आवडला होता, पण मामा म्हणाले, "धोक्याचा दिवा लाल असतो. लाल फळीवर तो पटकन कळायचा नाही."

नुसता रंग गडद असून भागत नाही. चकाकी पण बघावी लागते. चकचकीत रंग आरशासारखा गुळगुळीत असतो. तो ऊन एकाच बाजूला फेकतो. चकाकी नसलेल्या रंगाला मॅट म्हणतात. तो बारीक खरबरीत असतो, म्हणून ऊन चहूकडे पसरते आणि डोळ्यांत तिरीप येत नाही. पण मॅट रंगावर हाताचे डाग पडतात आणि ते लवकर पुसत नाहीत. म्हणून मामांनी वरच्या फळीलाच मॅट रंग दिला. लाँचच्या बाजू सारख्या धुवाव्या लागतात, त्यांना चकचकीत ऑइल पेंटच ठेवला.

काम असे केले:

१) बॅटरीची वायर सोडली. काटे बाहेर काढले. कोणती वायर कुठली, याच्या चिठ्ठ्या मी बांधल्या.

२) फळी साबणाच्या पाण्याने धुतली. डिझेलचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

३) पॉलिश पेपर ओला करून घासले. भोकांत लांबी भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासले आणि फळी सुकू दिली.

४) प्रायमर लावला. तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात दिले, मध्ये एक रात्र गेली. जाड हात दिला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात.

दुपारी वारा सुटून धूळ उडते, म्हणून रंग सकाळीच दिला. पावसाळ्यात हे काम करू नये. आपल्याकडचा पाऊस रंग वाळू देत नाही.

पेपर ओला का केला? कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. शिशाची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. आपल्या देशात घराच्या रंगांसाठी २०१६ साली नियम झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला रंग विकायला बंदी आली. पण मामांच्या लाँचचा रंग त्याच्याही आधीचा होता. म्हणून घासताना माझ्या धाकट्या बहिणीला घरीच ठेवले. मामांनी आणि मी तोंडाला फडके बांधले. निघालेला चोथा पोत्यात भरला, धरणात टाकला नाही. तेच पाणी गुरे पितात आणि आपणही पितो.

तुम्हाला खात्री करायची असेल तर उभ्या जीपच्या काचेखाली पांढरा कागद ठेवा आणि आत बसून समोर बघा. मग तिथे काळे फडके ठेवून बघा. पालकांनी आपापल्या गाडीत आणि होडीत हे जरूर बघावे. आता मामांना पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो आणि मामींचे रोजचे बोलणेही थांबले आहे.