भाषेचं कूळ, भाषेचं गाव

गोंदिया जिल्ह्याच्या बाजारात 'माझं नाव' एवढंच म्हणायचं, तर ते निदान पाच तऱ्हांनी म्हणता येतं. मराठीत 'माझं नाव', पोवारीत 'मोरो नाव', छत्तीसगढीत 'मोर नाव', हलबीत 'मोचो नाव' आणि गोंडीत 'नावा परोल'. यांतल्या कोणत्या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आणि कोणत्या नुसत्या शेजारच्या, हे ठरवायचं कसं? जगभरच्या सात हजारांच्या आसपास भाषांना हाच प्रश्न विचारून त्यांची कुळं लावलेली आहेत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढला खेटून असलेल्या या जिल्ह्यात ती रीत घरबसल्या तपासून पाहता येते.

पहिली अडचण वरच्या ओळीतच आहे. गोंडीतला 'नावा' दिसतो आपल्या 'नाव'सारखा, पण त्याचा अर्थ आहे 'माझा'. नावाला गोंडी शब्द 'परोल'. कानाला सारखं वाटलं म्हणून नातं जोडायला गेलं, तर पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. उलट 'नावा'शी तेलुगूतला 'ना' (माझा) ताडून पाहा, किंवा 'परोल'शी तेलुगूतला 'पेरु' आणि तमिळमधला 'पेयर्'. हे साम्य मात्र खरं आहे, आणि ते खरं कशावरून हेच या शास्त्राचं मर्म आहे.

कामाची सुरुवात शब्द गोळा करण्यापासून होते, आणि तेही निवडक शब्द. रेल्वे, शाळा, कचेरी, देवधर्म, व्यापार यांचे शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात, म्हणून ते बाजूला ठेवायचे. डोळा, हात, पाणी, मीठ, मी, तू, एक, दोन, येणं, जाणं असे रोजचे शब्द सहसा बदलत नाहीत, ते घ्यायचे. भारतात हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं जॉर्ज ग्रियर्सन यांनी. 1894 साली त्यांनी भारतीय भाषा सर्वेक्षण हाती घेतलं, आणि 1903 ते 1928 या काळात त्याचे खंड छापून निघाले. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांकडे एकच गोष्ट पाठवायची, बायबलमधल्या उधळ्या मुलाची, आणि तिचं स्थानिक बोलीत रूपांतर करून मागवायचं. सोबत शब्दांची आणि वाक्यांची ठरलेली यादी. सगळ्यांकडून तीच गोष्ट आणि तेच शब्द आल्यामुळे बोली शेजारी शेजारी ठेवून पाहता आल्या. मराठीचा सातवा खंड (1905) आणि मुंडा-द्राविडी भाषांचा चौथा खंड (1906) तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेजियन अभ्यासकाने. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. त्यामुळे जुन्या खंडांत आपल्या बोली शोधायच्या असतील, तर 'भंडारा' आणि 'बालाघाट' ही नावं पाहावी लागतात.

यादी हाती आली की दुसरी पायरी येते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन शब्द सारखे आहेत का, हे पाहायचं नसतं. ते नियमाने वेगळे आहेत का, हे पाहायचं असतं. मराठीत वाळू, हिंदीत बालू. या एका जोडीत दोन नियम आहेत. मराठी 'व'च्या जागी हिंदीत 'ब' येतो: वीस-बीस, वांगं-बैंगन, वाघ-बाघ. मराठी 'ळ'च्या जागी 'ल' येतो: काळा-काला, फळ-फल, केळं-केला. जिल्ह्यातून वाहणारी नदीही मराठीत वाघ आणि हिंदीत बाघ आहे. असा फरक एखाद्याच शब्दात दिसला तर तो योगायोग असू शकतो. शब्दांमागून शब्दांत त्याच जागी तोच फरक दिसला, की दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटल्या असं मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता हेच गोंडीला लावून पाहू. गोंडीतले आकडे असे: उंडी, रंड, मुंड, नालुंग, सय्युंग, सारुंग, येरुंग. तेलुगूत दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. इथवर जुळणी सोपी आहे. पाच आणि सहाशी आल्यावर गंमत दिसते. तेलुगूत ऐदु आणि आरु, कन्नडमध्ये ऐदु आणि आरु, तमिळमध्ये ऐंदु आणि आरु. गोंडीत मात्र दोन्हींच्या आधी 'स': सय्युंग, सारुंग. सातला पुन्हा 'स' नाही: येरुंग, तेलुगूत एडु. हा 'स' गोंडीने मध्येच कुठून आणला? अभ्यासकांचं उत्तर असं की मूळ द्राविडी भाषेत पाच आणि सहा या शब्दांच्या आरंभी 'च'सारखा ध्वनी होता. तेलुगू, तमिळ आणि कन्नडने तो गाळला, गोंडीने 'स'च्या रूपात जपला. सातच्या आरंभी तो नव्हताच, म्हणून गोंडीतही तो दिसत नाही.

मीठ या शब्दाने त्याला दुजोरा मिळतो. तेलुगू, कन्नड आणि तमिळमध्ये मिठाला 'उप्पु'. उत्तरेकडच्या गोंडीत 'सोवर'. दक्षिणेला माडिया पट्ट्यात जावं तसा 'होवर' ऐकू येतो, आणि त्याच्याही खाली 'ओवर'. आधी 'स', मग 'ह', मग काहीच नाही. एका शब्दावर गोंडीच्या बोलींचा नकाशा काढता येतो, आणि ध्वनी कसा झिजत जातो हेही त्यात दिसतं. ज्या ध्वनीच्या खुणा तेलुगू आणि तमिळने या शब्दांतून पुसल्या, त्या गोंडीत शाबूत आहेत. गोंडीला 'जंगलातली तुटकी बोली' म्हणणाऱ्यांनी हे एवढं तरी वाचावं. सातापुढे मात्र बऱ्याच ठिकाणी गोंडी बोलणारे आठ, नऊ, दहा हे शेजारच्या भाषांतलेच आकडे वापरतात. बाजारातले शब्द बाजूला का ठेवायचे, ते यावरून कळावं.

या रीतीने महाराष्ट्रातल्या भाषा वेगवेगळ्या कुळांत बसतात. मराठी, पोवारी, हलबी, छत्तीसगढी, हिंदी या भारतीय-आर्य. गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी द्राविडी. मेळघाटातली कोरकू मुंडा शाखेची, म्हणजे संथाली आणि मुंडारीच्या नात्यातली. आणि बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली कोणत्याच कुळात बसवता आलेली नाही. तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांची भर मोठी आहे, पण ते सगळे वजा केल्यावर जे उरतं त्याचे आप्त जगात कुठे सापडत नाहीत.

कूळ ठरलं म्हणजे काम संपलं असं नाही. एकाच भाषेच्या पोटातल्या बोलींना वंशवृक्ष नीट लागू पडत नाही. योहानेस श्मिट या जर्मन अभ्यासकाने 1872 मध्येच हे मांडलं की नवा उच्चार पाण्यातल्या लाटेसारखा पसरतो, आणि प्रत्येक लाट वेगवेगळ्या ठिकाणी थांबते. आपल्याकडे याचं उदाहरण म्हणजे 'ळ'. पुण्याकडे डोळा, वऱ्हाडात अनेकांच्या तोंडी डोया, झाडीपट्टीत डोरा. काळा, काया, कारा. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीत पसरलेल्या झाडीबोलीची ही ठळक खूण. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. असा एकेक फरक नकाशावर रेघ ओढून दाखवतात. अनेक रेघा जिथे एकत्र येतात, तिथे बोलीची सीमा मानतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावी लोकांना बोलतं करून, ध्वनिमुद्रण करून असेच नकाशे तयार झाले आहेत.

मग येतो शेजार. 'मी उद्या येतो म्हणून त्याने सांगितलं' या वाक्यातला 'म्हणून' पाहा. तेलुगूत अशाच जागी 'अनि' येतं, कन्नडमध्ये 'एंदु', आणि दोन्ही 'म्हणणे' या क्रियापदावरूनच आलेले. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, द्राविडी भाषांत सर्रास आढळतो. शब्दांचं कूळ वेगळं आणि वाक्याची घडण एकसारखी, असं शेकडो वर्षांच्या शेजाराने होतं. मरे एमेनो यांनी 1956 साली भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं, ते अशाच पुराव्यांवर.

कूळ आणि शेजार या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. एकीचा निकाल दुसरीवर लादला की घोटाळा होतो. हलबीचंच पाहा. 'मोचो'मधला 'चो' मराठीच्या 'चा'चा सख्खा, म्हणून ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात आली. पण तिथेच तिच्यातलं ओडिया आणि छत्तीसगढी मिश्रणही नोंदवलेलं आहे. पोवारीला त्याच सर्वेक्षणाने बघेलीच्या, म्हणजे पूर्व हिंदीच्या, मिश्र रूपांत टाकलं. पोवार समाज स्वतःचं मूळ माळव्यात, धारकडे सांगतो. पोवारी आज जगते ती वैनगंगेच्या खोऱ्यात, मराठी ऐकत. माझ्या मते तिला एका ओळीत कोंबण्यापेक्षा या तीनही गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात.

जनगणना मात्र ओळीच मागते. 2011 मध्ये लोकांनी मातृभाषेची 19,569 नावं सांगितली. छाननीनंतर त्यांची 1,369 झाली आणि शेवटी 121 भाषांत ती बसवली गेली. गोंडीला स्वतंत्र ओळ मिळाली, सुमारे 29 लाख 84 हजार भाषकांची. हलबीलाही मिळाली. पोवारी हिंदीच्या पोटात गेली, आणि झाडीबोली मराठीच्या आकड्यात अशी मिसळली की तिचं नावही तक्त्यात दिसत नाही. हे भाषाशास्त्राने केलेलं नाही. त्याला मोजणीची सोय कारण आहे, आणि त्याहून मोठं कारण आपण स्वतः. घरात झाडी बोलणारा माणूस प्रगणकाला 'मराठी' सांगतो, पोवारी बोलणारा 'हिंदी' सांगून मोकळा होतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलत होती ती, अशी जनगणनेची व्याख्या आहे, आणि सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहून घ्यायचं ही प्रगणकाची जबाबदारी आहे. तेव्हा आई झाडी बोलत असेल तर झाडी सांगा, पोवारी बोलत असेल तर पोवारी सांगा, आणि गोंडी असेल तर बेलाशक गोंडी सांगा. मराठी आणि हिंदीसाठी 'इतर ज्ञात भाषा' असा वेगळा प्रश्न 2011 च्या अर्जातही होता.