आठाचा आकडा आणि पुढचा रस्ता

आपल्या महाविद्यालयाच्या मागील बाजूस सायकलींसाठी बांधलेले पत्र्याचे छप्पर आहे. त्याखाली आज सायकल शोधूनही सापडत नाही. सापडतात त्या एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या मोटरसायकली आणि स्कूटर. त्या चालविणाऱ्यांपैकी किती जणांजवळ परवाना आहे, असे वर्गात विचारून पाहिले, तेव्हा उत्तरांपेक्षा हसूच अधिक मिळाले. त्या हसण्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. परवान्याच्या चाचणीची तयारी कशी करावी आणि आपल्याला झेपेल अशी गाडी कशी निवडावी, एवढाच त्याचा विषय आहे.

आपल्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या तरुणपणी अडचण वेगळी होती. १९७२ साली बजाजची 'चेतक' स्कूटर आली आणि त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिकची ५० सीसीची 'लूना'. स्कूटरसाठी पैसे भरून नाव नोंदवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची 'सीडी १००' आली आणि थोड्या पेट्रोलवर लांबचा पल्ला गाठणारी मोटरसायकल मध्यम स्थितीतील घरांच्या दारात दिसू लागली. तेव्हा वाट पाहावी लागे ती गाडीची. आज थोडी रक्कम भरली की हप्त्यांवर गाडी दारात येते आणि वाट पाहत राहतो तो परवाना. 'काढू की सावकाश,' असे म्हणत दोन-दोन वर्षे सहज जातात.

हे 'सावकाश' किती महाग पडू शकते, ते आधी सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ चा; त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तीनुसार परवान्याविना वाहन चालविल्यास ५,००० रुपये दंड आहे. चालविणारा अठरा वर्षांखालील असेल आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. परंतु दंडाहून भारी गोष्ट विम्याची आहे. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर नुकसानभरपाई विमा कंपनी देते, अशी आपली समजूत असते. चालकाजवळ परवानाच नसेल, तर कंपनी ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागू शकते. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या वडिलांच्या नावावर आहेत आणि अशा भरपाईचे आकडे लाखांत असतात. मुलाच्या एका फेरीपायी घरच्या जमिनीपर्यंत प्रश्न येऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कार्यालयाची खेप जड वाटत नाही.

सरकारी मराठीत परवान्याला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. शब्द जड आहे, पण वाट सोपी आहे. प्रथम शिकाऊ परवाना. त्यासाठी वय अठरा पूर्ण हवे. सोळाव्या वर्षाची सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरती आहे. आजच्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटर तीत बसत नाहीत. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो आणि २०२१ पासून आपल्या राज्यात आधार क्रमांकाच्या साहाय्याने शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्याही देता येऊ लागली. निदान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात.

या परीक्षेसाठी पाठांतर करू नये. खुणांची रीत समजून घ्यावी. गोल पाटी म्हणजे आज्ञा, ती पाळावीच लागते. त्रिकोणी पाटी म्हणजे सावधगिरीची सूचना. आयताकृती पाटी माहिती देते. अपवाद दोनच लक्षात ठेवावेत : 'थांबा'ची पाटी अष्टकोनी असते आणि 'वाट द्या' ही खाली टोक असलेल्या त्रिकोणाची. अंधारात, चिखलाने माखलेली पाटीही नुसत्या आकारावरून ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. याखेरीज अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, जवळ बाळगावयाची कागदपत्रे आणि फाटकवाला नसलेले रेल्वे फाटक, यांवर प्रश्न असतात. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत नाहीशी करण्यात आली, तरी उत्तर ठाऊक हवे : थांबावे, उतरावे, दोन्ही बाजूंना पाहून गाडी येत नाही अशी खात्री करावी, मगच ओलांडावे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि त्याला तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीला पुढे आणि मागे निदान १८ सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर तांबडा 'एल' लावावा लागतो. मागच्या आसनावर फक्त परवानाधारक शिकविणारा बसू शकतो. मैत्रीण नव्हे, धाकटा भाऊ नव्हे.

अर्ज भरतानाच एक गोष्ट ठरवावी, आणि हे विशेषतः मैत्रिणींसाठी लिहिते. दुचाकीचे दोन वर्ग आहेत : गिअरविना आणि गिअरसह. गिअर नसलेल्या स्कूटरवर चाचणी दिली, की परवाना तेवढ्याच वर्गाचा मिळतो. त्यावर घरची मोटरसायकल चालविता येत नाही. मुलीने स्कूटरच चालवायची, असे आपण जणू गृहीतच धरतो. आमच्या घरी गाडी एकच, आणि ती गिअरची. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यावयाचे झाले, तर तीच काढावी लागणार. म्हणून मी गिअरसह वर्गाचाच अर्ज भरला. ज्यांच्या घरी मोटरसायकल आहे, त्यांनीही तोच भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता चाचणी. आमच्या तालुक्याला परिवहन कार्यालय नाही. ठरलेल्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक शिबिरासाठी येतात. आरसे नीट करणे, हाताचे इशारे, गिअर बदलणे, वेळेवर थांबणे, हे सारे पाहिले जाते. पण सर्वांना धास्ती असते ती आठाच्या आकड्याची. पाय जमिनीला न टेकविता इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवायची. मी शाळेच्या पटांगणात सात-आठ पावलांच्या अंतराने दोन विटा मांडून रोज सकाळी अर्धा तास सराव केला. त्यातून जे उमजले ते असे.

वेग असला की दुचाकी बव्हंशी आपली आपण सावरते. वेग कमी झाला, की ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवून तिला सावरावे लागते, आणि वेग जितका कमी तितके हँडल जास्त फिरते. म्हणून हळू चालविणे हे जोरात चालविण्यापेक्षा अवघड. त्यावर उपाय म्हणजे मागच्या चाकाला मिळणारा जोर तुटू न देणे. पहिला गिअर, क्लच अर्धवट दाबलेला, ॲक्सिलरेटर स्थिर आणि वेग आवरायला मागचा ब्रेक अगदी हलका. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी आडवी होते. त्याला त्या वेळी हात लावू नये. नजर पुढच्या चाकावर नको, पुढच्या विटेवर हवी. जेथे पाहावे तेथे गाडी जाते, ही गोष्ट पटायला मला चार दिवस लागले. गिअर नसलेल्या स्कूटरला मात्र एक निराळी सवय लागते : ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की तिचा क्लच सुटतो, म्हणून तो थोडा चालू ठेवून मागच्या ब्रेकने वेग धरावा.

आठ काढता आला म्हणजे गल्लीबोळ आणि आठवडी बाजार जमला. तथापि मोठ्या रस्त्यावर जी गोष्ट प्राण वाचविते, तिची कसोटी या आकड्यात लागत नाही. ती म्हणजे जोरात असताना थांबणे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ने जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर एवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते. पुढे ब्रेक लागल्यावर जे अंतर जाते, ते वेग दुप्पट झाला की चौपट होते. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून सरळ रस्त्यावर थांबविण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. त्याला घाबरून केवळ मागचाच दाबण्याची आपल्याकडची सवय मोडली पाहिजे. दोन्ही एकदम, पण वाढत्या दाबाने. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल, त्याहून अधिक वेग ठेवू नये.

गाडी निवडताना आधी स्वतःकडे पाहावे, मग जाहिरातीकडे. बसल्यावर दोन्ही पाय नीट टेकावेत. 'स्प्लेंडर'चे वजन सुमारे ११२ किलो, 'बुलेट ३५०'चे १९५ च्या आसपास. माझी कसोटी साधी आहे : गाडी एकट्याने मधल्या स्टँडवर चढवावी आणि बसून पायांनी दहा पावले मागे ढकलावी. हे जमत नसेल, तर ती गाडी अद्याप आपली नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक जोडून लागण्याची आणि त्यापुढे चाक न अडकू देणारी 'एबीएस' ही व्यवस्था सक्तीची झाली. जुनी घ्यायची तर शक्यतो त्यानंतरची पाहावी.

जुनी गाडी पाहायला सकाळी जावे आणि सुरू करण्यापूर्वी इंजिनाला हात लावून पाहावा. ते गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होण्यातली कुरकुर लपविली जात असण्याचा संभव आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, ते बघावे. नोंदणी पुस्तकातला चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून घ्यावा. कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, नोंदणीची १५ वर्षे कधी संपतात, हे विचारावे. आणि घेतल्यापासून तीस दिवसांत नावावर करण्याचा अर्ज द्यावा. हेल्मेटची किंमत गाडीच्या किमतीतच धरावी. त्यावर आयएसआयची खूण हवी आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा. न बांधलेले हेल्मेट पडताना आधी निघून जाते.

तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. ज्यांनी अद्याप काढलेला नाही, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत शिकाऊ परवाना काढावा. सुट्टी सरावाला पुरते, तीस दिवस आपोआप भरतात आणि पुढील परीक्षांचा गलबला सुरू होण्यापूर्वी चाचणी देऊन होते. विटा दोन पुरतात, आणि पटांगण प्रत्येक गावाला आहे.