यशस्विनी कार्ड म्हणजे बँकेचं पासबुक नव्हे



"यशस्विनीत आपले पाच लाख आहेत, लागतील तेव्हा काढू," असं कुणी म्हणालं तर त्याला ही पोस्ट वाचायला द्या. तारिहाळ-हुबळी भागातल्या सभासदांनी तर जरूर वाचा.

अमेरिकेत आरोग्य बचत खातं असतं. त्यातला पैसा खातेदाराचा स्वतःचा, उरला तर पुढच्या वर्षीही त्याचाच. उपचार सोडून दुसरीकडे खर्च केला, तर वयाच्या 65 वर्षांआधी कर भरावा लागतो, शिवाय 20 टक्के दंड.

आपली यशस्विनी तशी नाही. कर्नाटकात 2003 साली माणशी महिना 5 रुपयांवर ती सुरू झाली. 2018 मध्ये बंद झाली, 2022-23 पासून पुन्हा चालू आहे. सहकारी संस्थांच्या सभासदांची ही योजना, त्यात मच्छीमार सोसायट्याही येतात.

पैसा कसा खर्च होतो, ते समजून घ्या:

1. पाच लाख ही कुटुंबाची वर्षाची मर्यादा आहे, शिल्लक नव्हे. वापरले नाहीत तर पुढच्या वर्षी जमा होत नाहीत.

2. रोख हातात मिळत नाही. पैसे सरळ दवाखान्याला जातात.

3. दवाखाना योजनेच्या यादीतला हवा, आणि उपचारही यादीतला हवा. मेडिकलमधून आणलेल्या रोजच्या गोळ्यांचं बिल इथं चालत नाही.

4. ऑपरेशनआधी दवाखाना मंजुरी मागवतो. म्हणून भरती होतानाच कार्ड दाखवा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

5. योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा चार जणांच्या कुटुंबाला ग्रामीण भागात 500 आणि शहरात 1000 रुपये वर्गणी होती. पुढच्या प्रत्येक माणसाला अनुक्रमे 100 आणि 200. अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांची वर्गणी सरकार भरतं. तारिहाळ हुबळीला लागून असल्यानं आपली नोंद ग्रामीण की शहरी, आणि यंदाचा दर काय, हे सोसायटीत विचारूनच पैसे भरा.

घाईत यादीबाहेरच्या दवाखान्यात गेलो, की बिल आपल्याच खिशातून जातं. मग जाळी-होडी गहाण पडायला वेळ लागत नाही.

म्हणून आजच दोन कामं करा. कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का ते बघा, आणि जवळचा यादीतला दवाखाना कुठला ते विचारून घरात लिहून ठेवा. वर्गणीची पावती जपा.

दुसऱ्या सभासदांपर्यंतही पोचवा.